माळरानाला वाली कोण?

महाराष्ट्रातल्या वन्यजीव संरक्षणाची गोष्ट आपण बहुधा वाघांच्या आकड्याने सांगतो, आणि तो आकडा सांगण्याजोगा आहेही. २०२२ च्या व्याघ्रगणनेत राज्यात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्रप्रकल्प राज्यात आहेत. किनाऱ्यावरच्या कांदळवनांसाठी २०१२ मध्ये वनखात्याने स्वतंत्र कक्ष काढला. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शेकरू, हरियाल आणि ताम्हण या राज्यप्रतीकांच्या पंगतीला फुलपाखरू बसवणारे देशातले पहिले राज्यही महाराष्ट्रच. पण याच राज्यात, याच खात्याच्या आणि याच कायद्याच्या देखरेखीखाली माळढोक मात्र जवळजवळ संपला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अवाढव्य अभयारण्य घोषित झाले होते. आज त्यातल्या नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. एकाच यंत्रणेला एकीकडे यश आणि दुसरीकडे एवढे अपयश का यावे? निधीची चणचण आणि चोरटी शिकार ही कारणे आहेतच, पण ती वाघालाही लागू होती. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. राज्याने संरक्षण म्हणजे जंगल राखणे असे धरले, आणि जिथे झाडी नाही तिथे राखण्यासारखे काही असते हेच मनावर घेतले नाही.

ही जबाबदारी दिल्लीवर ढकलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, केंद्राचा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे केंद्राचा शब्द वजनदार झाला. तरी अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान घोषित करणे, त्याच्या सीमा आखणे, वनरक्षक नेमणे, कोणत्या जमिनीवर काय लावायचे हे ठरवणे आणि वन्यप्राण्याने गुरे मारली तर भरपाई देणे ही रोजची कामे राज्याचीच आहेत. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. महसूल खातेही राज्याचे, म्हणजे सातबारा आणि गायरान दोन्ही राज्याच्या हातात. २००२ च्या कायदादुरुस्तीने राज्यांना संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव अशी दोन नवी, लवचीक साधने दिली. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने राज्य मंडळ आणि जैवविविधता वारसा स्थळांची सोय केली. तेव्हा एखादा अधिवास वाचला की नाही याचा जाब आधी राज्याला द्यावा लागतो.

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला तर जंगलाखालचे क्षेत्र त्याच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास भरते. ते मुख्यतः विदर्भात आणि सह्याद्रीच्या धारेला आहे. मधला पट्टा पर्जन्यछायेचा. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेपासून नगर, सोलापूर, सांगली-साताऱ्याचे पूर्वेकडचे तालुके आणि मराठवाड्याचा बराच भाग यात येतो. मोसमी वारे घाटमाथ्यावर हात मोकळे करून इथे पोचतात तेव्हा त्यांच्याजवळ फारसे काही उरलेले नसते. खाली बेसाल्टचा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. अशा जमिनीवर निसर्ग दाट रान उभे करत नाही. तो गवत वाढवतो, आणि त्यात दूरदूर बोर, बाभूळ, हिवर, तरटी. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी ही गवते पावसाळ्यात गुडघ्या-मांडीपर्यंत येतात आणि उन्हाळ्यात वाळून सोनेरी-करडी होतात. तेवढ्या काळात तिथून जाणाऱ्याला माळ मेलेला वाटतो. मुळे मात्र जमिनीखाली जिवंत असतात आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर माळ पुन्हा हिरवा होतो.

या माळावरची वस्ती जंगलातल्या वस्तीपेक्षा वेगळी आहे. काळवीट आणि चिंकारा इथले. लांडगा, खोकड आणि तरस इथले. पक्ष्यांमध्ये माळढोक, तणमोर, धाविक, माळटिटवी, पखुर्डी आणि चंडोलांच्या अनेक जाती. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, मुक्काम करतात. यांतल्या बहुतेकांना उघडी जागा हवी असते आणि ही गरज त्यांच्या शरीरातच लिहिलेली आहे. काळवीट पळून जीव वाचवतो, त्याला दूरवर नजर पोचायला हवी. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. शत्रू लांबूनच दिसावा एवढेच तिचे संरक्षण. अशा जागी झाडांची रांग उभी राहिली की त्या झाडावर कावळा आणि घार टेहळणीला बसतात, बुंध्याशी मुंगूस आणि मांजर दबा धरते, आणि मादी ती जागा सोडते. वाघाच्या रानात झाड वाढले तर अधिवास सुधारतो, माळढोकाच्या रानात तो बिघडतो. संरक्षणाची एकच तऱ्हा दोन्हीकडे चालत नाही, ती या साध्या कारणाने.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे. माळरान म्हणजे मुळात जंगलच होते, माणसाने तोडून आणि गुरांनी खाऊन ते उजाड केले, तेव्हा तिथे झाडे लावणे म्हणजे जुने ऋण फेडणे. हे म्हणणे पटण्याजोगे वाटते, कारण काही डोंगरउतारांबाबत ते खरेही आहे. पण संपूर्ण पठाराबाबत पुरावा उलट दिशेने जातो, आणि त्यातला एक पुरावा चक्क मराठी साहित्यातून आला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जुन्या कथा, लोकगीते आणि ओव्या, संतांची चरित्रे आणि स्थानिक देवतांच्या आख्यायिका यांत कोणत्या गावाजवळ कोणती झाडे उल्लेखली आहेत हे त्यांनी शोधून काढले. रानटी वनस्पतींच्या ४४ जातींची नावे हाती लागली आणि त्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश जाती गवताळ, काटेरी प्रदेशाच्या खास जाती निघाल्या. दाट जंगलाच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ किमान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत. धरणे, पाटाचे पाणी, रेल्वे आणि इंग्रजांची लाकूडतोड यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पंढरीची वाट ज्या मुलुखातून जाते त्याचे मूळ रूप उघडेच होते.

मग इतकी जुनी भूमी सरकारदरबारी हरवली कशी? तिचे मोजमाप करणारी साधनेच तिला पाहू शकत नव्हती. इंग्रजी अमदानीत वनखाते लाकडासाठी उभे राहिले आणि महसूल खाते शेतसाऱ्यासाठी. गवताळ माळावर सागवान नव्हते आणि पीकही नव्हते, म्हणून दोन्ही खात्यांच्या लेखी तो शून्य. स्वातंत्र्यानंतर ही नजर बदलली नाही. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाची २०१९ ची आवृत्ती देशात साडेपाच लाख चौरस किलोमीटरहून अधिक जमीन पडीक दाखवते आणि खुरट्या झुडपांचे, गवताचे मोठमोठे पट्टे त्यात येतात. दुसरीकडे भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या पाहा. एक हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून जास्त, ते वनाच्छादन. मग मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. म्हणजे आंब्याची किंवा काजूची बाग वनाच्छादनात धरली जाऊ शकते, आणि काळवीट चरतो ते अस्सल देशी गवताचे रान धरले जात नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एकतृतीयांश जमीन वृक्षांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट राज्याने स्वतःवर घेतले की हिशेबात भर कुठे घालायची? गडचिरोलीत आधीच जंगल आहे. भर पडायची ती सोलापूर, बीड, नगरच्या माळांवर.

तशी ती पडलीही. २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. लोकसहभाग प्रचंड होता आणि हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शहरांत, रस्त्यांच्या कडेला, बांधांवर, उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर झाडे लागली तर ती हवीच आहेत. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. आकडा मोठा असला की मोकळी, सलग, वाद नसलेली सरकारी जमीन लागते, आणि ती नेमकी माळावर असते. मग तिथे सलग समतल चर खोदले जातात, चरांच्या काठाने गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी असली लवकर वाढणारी परदेशी झाडे लावली जातात. शेकडो वर्षांत विणली गेलेली गवताची मुळे चर खोदताना तुटतात. सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखात बरीच रोपे टँकर थांबला की माना टाकतात. म्हणजे झाड जगत नाही, गवत गेलेले असते, आणि उघड्या पडलेल्या मातीत वेडी बाभूळ शिरते. एवढे करून कागदावर मात्र वनीकरण झाले अशी नोंद पडते. प्रतिपूरक वनीकरणाची तऱ्हा हीच. एखाद्या प्रकल्पासाठी जंगल तोडले की त्याची भरपाई दूरच्या माळावर झाडे लावून करायची. यात एकाच वेळी दोन अधिवास जातात आणि हिशेब जुळतो.

हवामान बदलाचा मुद्दा इथे हमखास काढला जातो. झाडे कार्बन साठवतात, मग थोडेसे गवत गेले तर काय बिघडले? झाडे कार्बन साठवतात हे खरेच आहे. गवताळ प्रदेशही तो साठवतात, फक्त त्यांचा साठा डोळ्यांना दिसत नाही; तो मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. कोरड्या मुलुखात या साठ्याला एक मोठा फायदा आहे. वणवा लागला किंवा दुष्काळ पडला तर झाडातला कार्बन पुन्हा हवेत जातो, मातीतला बराचसा जागेवर राहतो. माळ नांगरला किंवा चरांनी खणला तर मात्र तोच साठा मोकळा होतो. शिवाय कमी पावसाच्या प्रदेशात दाट झाडी पाणी खेचून घेते, त्याचा हिशेब आपण धरत नाही. हवामानासाठी झाडे लावायची तर जिथे जंगल होते आणि तुटले तिथे लावावीत, देशी लावावीत आणि जगवावीत.

आता नान्नजकडे वळू, कारण तिथे राज्याने माळ राखण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. वनखात्याच्या जमिनी तुकड्या-तुकड्यांच्या आणि मधे गावे, शेते, रस्ते अशी तिथली स्थिती. माळढोक तर मैलोन्मैल फिरणारा पक्षी. म्हणून १९७९ मध्ये तालुकेच्या तालुके अभयारण्यात घेतले गेले. पण अभयारण्याची कायदेशीर चौकट सरकारी जंगल डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. अधिसूचना निघाली की त्या हद्दीत वारसाहक्क सोडून जमिनीवर नवे हक्क निर्माण होत नाहीत, म्हणजे खरेदी-विक्री अडते. हजारो शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर एका पक्ष्याचे ओझे आले. पक्षी राखल्याचा मोबदला मात्र काही नव्हता. माळढोक म्हणजे आपल्या मुळावर उठलेली ब्याद, अशी भावना गावोगाव रुजली. दुसऱ्या बाजूने, याच काळात, १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. ज्वारी-बाजरीच्या रानात, बांधावरच्या गवतात माळढोक वावरत असे. सहा-सात फूट उंचीच्या उसात तो पाय ठेवत नाही. कारखाने, वीजवाहिन्या, रस्ते आणि मोकाट कुत्री पाठोपाठ आली. ज्या कायद्याने शेतकऱ्याला जमीन विकू दिली नाही, त्याने त्याला ऊस लावण्यापासून अडवले नव्हते, आणि अडवणे न्यायाचेही झाले नसते. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रक्रियेनंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी उरलेच नव्हते म्हटले तरी चालेल.

या कहाणीचा अर्थ काहीजण असा लावतात की लोकवस्तीच्या मुलुखात संरक्षण होऊच शकत नाही, तेव्हा जंगलापुरते पाहा आणि बाकीचे सोडून द्या. हा निष्कर्ष घाईचा आहे. नान्नजला चुकले ते साधन. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर आणि प्रत्यक्ष गवत राखले गेले काही मोजक्या तुकड्यांत. त्या तुकड्यांत काळविटांचे कळप आजही चांगले आहेत. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर ५.१५ चौरस किलोमीटरचे. तरी पहिल्यात काळवीट आणि दुसऱ्यात चिंकारा टिकून आहेत. येवला तालुक्यातल्या ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले. म्हणजे लहान तुकडाही कामाचा असतो, फक्त त्यावर गवत राहिले पाहिजे आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला जनावराला वाट राहिली पाहिजे. संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर, आसपासच्या लोकांशी बोलून आणि त्यांना समितीत घेऊन करता येते. सामुदायिक राखीव खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकांच्या संमतीने. १९७९ मध्ये ही साधने उपलब्ध नव्हती. आज आहेत, आणि माळांसाठी ती फार थोड्या ठिकाणी वापरली गेली आहेत.

लोकांशी बोलायचे म्हणजे सर्वांत आधी धनगरांशी बोलायचे. पठारावरचा धनगर पिढ्यानपिढ्या मेंढरे घेऊन हिंडत आला आहे. काही कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरे बसवायला बोलावतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. माळाचे गवत, मेंढरू आणि शेत यांची ही साखळी वनखात्याच्या नोंदवहीत मात्र ‘चराईचा ताण’ या एका शब्दप्रयोगात संपते. चराई जास्त झाली तर माळ झिजतो, यात वाद नाही. मारवेल-पवन्यासारखी सकस गवते आधी संपतात आणि कुसळीसारखी निकस मागे राहतात. पण चराई पूर्ण बंद केली तरी माळ सुखी होत नाही. जुने गवत दाटते, वणव्याला सरपण मिळते, झुडपे माजतात. गवत आणि चरणारे प्राणी बरोबरीनेच वाढत आले आहेत. किती जनावरे, कोणत्या महिन्यात आणि कोणता तुकडा मोकळा ठेवायचा, एवढाच प्रश्न. राखीव कुरणांची रीत या मुलुखाला नवी नाही. पेशवाईत सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखली जात. तीच फिरती चराई आजच्या कायद्यात बसवून पाळीपाळीने तुकडे बंद-खुले केले, तर धनगर माळाचा पहिला राखणदार ठरेल. चराईबंदीचा फलक लावून आणि दंड करून तो तसा ठरणार नाही.

लांडग्याचे काय, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि तो रास्त आहे. देशात आता तीन हजारांच्या आसपास लांडगे उरल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघांहून कमी. काळवीट दुर्मिळ झाले तशी त्यांची भिस्त मेंढरांवर आली. एका रात्रीत चार मेंढ्या गेल्या तर एका कुटुंबाचे कंबरडे मोडते. महाराष्ट्रात लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद आहे. पण भरपाईसाठी पंचनामा लागतो आणि फिरस्त्या धनगराचा मुक्काम दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावात असतो. अशा माणसाला जागेवर आणि झटपट पैसे मिळाले नाहीत तर तरतूद असून नसल्यासारखी. लांडग्यापुढे खरा धोका आज दुसऱ्याच बाजूने आहे. गावाबाहेर पडणारा कचरा आणि कुक्कुटपालनाची घाण यांवर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढते. ती लांडग्यांना रोग देतात, आणि पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट हेही इथे वन्यजीव संरक्षणाचेच काम ठरते. ते वनखाते एकटे करू शकत नाही; ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद त्यात हवीच.

सर्वांत वजनदार आक्षेप विकासाचा आहे. राज्याला वीज हवी, कारखाने हवेत, आणि सुपीक शेत किंवा जंगल घेण्यापेक्षा माळ घेतलेला बरा. सौरऊर्जेसाठी तर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. राजस्थानात काय झाले ते मात्र पाहावे. देशात उरलेले सुमारे दीडशे माळढोक बहुतांशी जैसलमेरच्या आसपास आहेत आणि तिथेच सौर आणि पवनऊर्जेचे जाळे पसरले. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही, त्यामुळे तो तारांवर आदळून मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्तीर्ण क्षेत्रातील वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो अव्यवहार्य ठरल्याने बदलावा लागला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. आधी प्रकल्प उभारायचे आणि मग पक्षी वाचवायला न्यायालयात जायचे, हा उलटा क्रम सर्वांनाच महाग पडला, गुंतवणूकदारांनाही. महाराष्ट्रात सौर कृषी वाहिन्यांसाठी सरकारी जमिनी आता शोधल्या जात आहेत. सौरपटले छपरांवर, कालव्यांवर, खाणींच्या सोडलेल्या जागांवर, क्षारपड जमिनींवरही बसतात. माळढोकाला छप्पर चालत नाही. कोणता माळ द्यायचा आणि कोणता कधीच द्यायचा नाही हे आधी ठरले तर वीजही मिळेल आणि माळही राहील.

वाघ वाचवला की त्याच्याबरोबर सगळे वाचते, हाही एक लाडका समज आहे. वाघाच्या रानातले सांबर, रानकुत्री, धनेश वाचतात हे खरे. पण वाघ माळावर राहत नाही, म्हणून त्याचे छत्र माळापर्यंत पोचत नाही. देशातल्या निमकोरड्या, उघड्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा अभ्यासकांनी अलीकडे तयार केला. हे प्रदेश देशाच्या भूभागाच्या सुमारे दहा टक्के भरतात आणि त्यांचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे. शेजारच्या राज्यांनी थोडी वेगळी वाट धरली. गुजरातने भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदरच्या गवताळ मैदानाला १९७६ मध्येच राष्ट्रीय उद्यान केले. ते अवघे ३४ चौरस किलोमीटरचे, तरी काळवीट, तणमोर आणि भोवत्यांच्या हिवाळी मुक्कामासाठी जगभर नावाजलेले आहे. कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यांसाठी अभयारण्य केले. महाराष्ट्राच्या सहा राष्ट्रीय उद्यानांत गवताळ माळाचे एकही नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांचीही हीच गत. पावसाळ्यात जगात इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती ज्यांवर फुलतात, ते सडे दप्तरी निव्वळ खडक म्हणून नोंदले जातात. घाटमाथ्यावरच्या कास पठाराला जागतिक वारसा यादीत जागा मिळाली म्हणून त्याची निगा झाली, रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांना ते भाग्य नाही.

मग राज्याने करायचे काय? पहिले काम मोजणीचे आणि ते स्वस्त आहे. माळ, सडे, काटेरी झुडपांची राने यांचा तालुकावार नकाशा करावा आणि त्यांना महसुली दप्तरात नैसर्गिक अधिवास म्हणून वेगळी नोंद द्यावी. दुसरे, या नकाशात आलेल्या जागा वृक्षलागवड आणि प्रतिपूरक वनीकरणातून वगळाव्यात, आणि तिथल्या वनाधिकाऱ्याचे काम लावलेल्या रोपांवर न जोखता गवताच्या प्रतीवर, लांडगा, खोकड, धाविक यांच्या वाढीवर जोखावे. तिसरे, सरकारी जमिनींवर लहान-लहान संवर्धन राखीव क्षेत्रांची साखळी उभी करावी, धनगरांना आणि गावांना तिच्या समित्यांत बसवावे आणि पाळीची चराई लेखी मान्य करावी. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीसारख्या ठिकाणी वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. अशा पर्यटनाचा पैसा गावात राहिला तर राखणीचे कारणही गावात राहील. चौथे, ज्या शेतकऱ्याच्या रानात टिटवी किंवा धाविक अंडी घालते, ज्याने बांधाचे गवत राखले, ज्याने ज्वारी-बाजरी सोडली नाही, त्याला मोबदला द्यावा. नान्नजला हेच राहून गेले होते.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. संवर्धन राखीवाची तरतूद आहे, वारसा स्थळांची तरतूद आहे, भरपाईची आहे, आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचे मंडळही आहे. माळढोक महाराष्ट्रात परत येईल का, हे आता राजस्थानातल्या प्रजनन केंद्रांच्या यशावर आणि इथे त्याच्यासाठी गवत उरते का यावर अवलंबून आहे. लांडगा, खोकड, तणमोर आणि काळवीट यांच्याबाबत मात्र वेळ अजून गेलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणाची मोहीम आपल्या गावात आली, तर वाचकांनी एवढेच करावे: रोप हातात घेण्याआधी ते कुठे लागणार आहे ते विचारावे, आणि उत्तर माळावर असे आले, तर ते रोप आपल्या दारात, बांधावर किंवा शाळेच्या आवारात लावावे.